उदगीरपर्यंत पाणी नाही

आमच्या ह्यांना वाटेत गाडी थांबवायला दोनच कारणं पुरतात. एक, कुठून तरी फोडणीचा वास आला पाहिजे. नाहीतर कुणीतरी सांगितलं पाहिजे की पुढच्या गावात अमुक बाई फार चांगलं करते. बाकी इंजिनातून धूर निघाला तरी हे म्हणणार, चालतंय तोवर चालू दे.

हे म्हणजे गुरुबसप्पा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ आहे. स्वयंपाक हे करतात, चव मी बघते. "तवा माझा, जीभ महानंदाची," असं हे गिऱ्हाइकांना सांगतात. तेव्हा मला लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं.

लातूर उस्मानाबादेपासून फुटून नवा जिल्हा झाला, तशा कचेऱ्या आल्या, साहेब आले, पुण्याकडचे कारकून आले. त्यातल्या एका साहेबांनी शेंगाचटणी चाटता चाटता विचारलं, "तुमच्या मराठवाड्याचं खास असं काय काय असतं हो?" झालं. त्या दिवसापासून हे नीट झोपले नाहीत. खानावळीत रोज एका गावचं जेवण ठेवायचं, आज भोकर, उद्या बिलोली, परवा देगलूर, असं ह्यांनी ठरवून टाकलं. आणि त्यासाठी आपण दोघांनी गावोगाव जाऊन, खाऊन यायचं. चुलतदिराची जुनी फियाट मागून आणली.

"लोक टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेत," मी म्हटलं, "आणि आपण खात फिरायचं?"

"दुष्काळात लोक जेवत नाहीत का? उलट आत्ताच कळतं, कोण कशावर भागवतंय."

त्यात तथ्य होतं, म्हणून मी जास्तच चिडले. पण निघाले. लग्नानंतर आम्ही दोघं कधी कुठं एकटे गेलो नव्हतो, हेही एक होतं.

भोकरला अंबाडीची भाजी खाल्ली, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. बिलोलीला ह्यांच्या ओळखीच्या अमृतरावांकडे मुक्काम केला. त्यांच्या सुनेनं तेलंगी पद्धतीचं चिंचेचं सार केलं होतं, असं की दोन घोट घेतल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे तिच्या चुलीपाशीच जाऊन बसले. सकाळी आंघोळीला अर्धी बादली पाणी मिळालं, तेही न्हाणीच्या तोंडाशी घमेलं लावून धरायचं, म्हणजे मागच्या लिंबाच्या झाडाला घालता येईल. तेवढ्याच पाण्यात मी आंघोळ उरकली, पूजा केली, घाईघाईनं वस्त्र गळ्यात बांधलं आणि चहा-पोहे घेऊन गाडीत बसले.

पूजेचं सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्या गळ्यात इष्टलिंग असतं, गुरूनं दीक्षेच्या वेळी हातात दिलेलं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात काही घालायचं. ज्याचं लिंग त्यानंच पुजायचं, दुसऱ्याचं चालत नाही, नवऱ्याचंसुद्धा. माझं पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं असतं. ह्यांचं चांदीच्या डबीत असतं, पण हे पूजा कधी करत नाहीत. डबी गळ्यात आहे ती सासूबाईंनी जाताना शब्द घेतला म्हणून. "शेवटी दगडच तो," असं हे म्हणतात, आणि मी पिठलं जोरात घोटते.

आणि लिंग हरवलं तर? तर गुरूच्या हातून नवं मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. हे मला आईनं लहानपणीच सांगितलं होतं. आमच्या घरात कुणाचं हरवल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं.

देगलूरला नागम्मा नावाच्या बाईची खानावळ आहे. दोन पाट, समोर चूल, म्हातारी स्वतः भाकरी थापते. तिनं ताट वाढलं. तव्यावरची भाकरी, अंबाडी-डाळीची पुंडीपल्ल्या, कच्चा कांदा, वर तेलाची धार. वास असा की ह्यांनी बसायच्या आधीच भाकरीचा तुकडा मोडला. मी घास घेण्याआधी सवयीनं गळ्याशी हात नेला. हाताला नुसता दोरा लागला.

दोरा होता. वस्त्राची गाठ सुटलेली होती. वस्त्र नव्हतं.

मी पदर झटकला, पोलक्यात बघितलं, पाटाखाली बघितलं. नागम्मानं परात हलवली, सरपण उचललं. ह्यांनी गाडीतल्या गाद्या उपसून रस्त्यावर टाकल्या. बिलोलीपासून वाटेत तीन-चारदा तरी आम्ही उतरलो होतो, कुठं बोरं बघायला, कुठं कुणाला वाट विचारायला. कुठं म्हणून शोधायचं?

"सापडेल," हे म्हणाले. "आधी जेवून घे."

मी ताट सरकवलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ह्यांना कळलं. "महानंदा, हे बघ, बाहेर आग पडलीय. पाणी तरी पी."

"उदगीरपर्यंत नाही. उदगीरला मठात जाऊ. स्वामींनीच मला दीक्षा दिली होती. ते देतील दुसरं."

"आणि वाटेत काय झालं म्हणजे?"

"काही होत नाही."

नागम्मा चुलीपाशी हात जोडून उभी राहिली. ती पण आमच्यातलीच होती. तिनं माझ्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. ह्यांनी मात्र आपलं ताट संपवलं. "उपाशीपोटी गाडी कोण चालवणार?" असं म्हणून माझ्या ताटातली भाकरीही घेतली. मी बघत होते. त्या वेळी ह्यांच्या घशात भाकरी अडकली असती तर मी पाठीवर थाप मारली नसती.

देगलूर सोडल्यावर रस्ता नुसता तापून राहिला होता. दोन्ही बाजूंची रानं उलटी केल्यासारखी, ढेकळं वर. गुरं नव्हती, ती छावणीवर. काच उघडली की झळ आत यायची आणि मिटली की जीव घाबरायचा. गाडीला पुढे बांधलेल्या कापडी पिशवीतलं पाणी ह्यांनी एकदा प्यायलं, माझ्यासमोर नाही, गाडीच्या मागं जाऊन. ओठ पुसून आले, तरी मला ते ओले दिसले आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

मग इंजिन तापलं. हे उतरले, झाकण उघडलं, पिशवीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी त्यात ओतलं. चढ लागला तशी गाडी पुन्हा शिटी मारायला लागली, आणि एका कोरड्या ओढ्याच्या पुलापाशी पूर्ण थांबली.

रस्त्यावर दुसरी गाडी नाही. बस दुपारनंतर एखादी. ह्यांनी मला पुलाच्या कडेच्या बाभळीखाली बसवलं. त्या सावलीला सावली म्हणायचं ते तेवढं काळं दिसतं म्हणून. माझ्या कानात आवाज येत होता. हे काहीतरी बोलत होते आणि मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द उशिरा पोचत होते.

"ऐक ना. तिथं बाया दिसतात."

ओढ्याच्या वाळूत दोन बायका वाकून बसल्या होत्या. त्यांनी वाळूत कमरेइतका खड्डा खणला होता. त्याला झिरा म्हणतात. तळाशी पाणी पाझरतं, ते वाटीनं उपसायचं, फडक्यातून गाळून घागरीत घालायचं, आणि पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं. हे डबा घेऊन खाली गेले. मोठ्या बाईचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"गाडीला पाणी? अन् ती बाई बसलीय ती? तिला आधी पाजा की. गाडी काय मरती का?"

आणि ती स्वतःच तांब्या भरून चढण चढून वर आली. वाळलेली, उंच, कपाळाला मोठं गोंदण. मागून तिची सून. मोठीचं नाव कोंडाबाई, सुनेचं सिंधु, हे नंतर कळलं.

"घ्या माय," कोंडाबाई म्हणाली.

तांब्यातलं पाणी गढूळ होतं, पण पाणी होतं. मला त्याचा वास आला. पाण्याला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"नको," मी म्हटलं.

"का वं? तोंड बघा तुमचं, काळं पडून राहिलंय."

"नको मला."

ती थांबली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मला बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती. हे धावत वर आले. "बाई, गैरसमज करून घेऊ नका. हिचं लिंग हरवलंय. आमच्यात ते हरवलं की पाणी घेत नाहीत. उदगीरला गेल्यावर..."

"उदगीरला गेल्यावर घेनार," कोंडाबाई म्हणाली. "हितलं न्हाई."

"तसं नाही हो."

"आमची वस्ती कुठली, ते तुम्हाला दिसलं आसंल वरून. गावाभाईरची. गावात टँकर येतो, आमच्याकडं वळत न्हाई, म्हनून ह्यो झिरा." ती माझ्याशीच बोलत होती, ह्यांच्याशी नाही. "मागल्या साली अशीच एक बाई आली व्हती. तिला म्या पानी दिलं. म्हनली, उपास हाय. म्होरं गेली अन् पाटलाच्या दारात बसून चा पिली. उपास आमच्यापुरताच असतो बगा लोकायचा."

"आत्या, वता माघारी," सिंधु म्हणाली. "सकाळधरनं एक घागर भरंना अन् हितं मानपान."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कोंडाबाई तांब्या हातात धरून नुसती उभी होती. माणसानं इतक्या वेळा ते ऐकलेलं असावं की रागवायलाही नको वाटावं, अशी उभी होती. आणि मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, आपला नेम खरा, पण तो हिला खोटा दिसतोय, आणि हिला तो खरा कसा पटवायचा? आमच्या धर्मात जातपात मानायची नाही असं शिकवलंय. आणि त्याच धर्मापायी मी हिच्या हातचं पाणी नाकारत बसले होते. पण हिला वाईट वाटू नये म्हणून का होईना प्यावं, तर आईचा चेहरा समोर यायचा. मला चक्कर आली. मी बाभळीच्या खोडाला धरलं.

हे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग एकदम वळून हे गाडीकडे गेले. दार उघडलं, आत वाकले. बराच वेळ आत काहीतरी करत होते.

"सापडलं!" ह्यांची हाक आली. "महानंदा, सापडलं गं! सीटच्या फटीत होतं. वस्त्र कुठं गेलं काय की, पण लिंग होतं!"

हे धावत आले. आपल्या हातरुमालात गुंडाळलेलं ते ह्यांनी माझ्या हातात दिलं. मी रुमाल उघडला आणि डाव्या तळहातावर घेतलं.

वीस वर्षं रोज सकाळी जे हातात घेतलं, ते हाताला माहीत असतं. माझं एका बाजूनं अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालं होतं, तिथला काळा लेप विरळ झाला होता. हे कोरं होतं. गुरूनं दिलं त्या दिवसासारखं काळंभोर, कुणी कधी हात न फिरवलेलं. वजनही वेगळं. मी वर बघितलं. एवढ्या उन्हात ह्यांनी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलं होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओढ्याकडे बघत म्हणाले, "कर ना पूजा. बाई थांबल्यात."

"गावलं का?" कोंडाबाईनं विचारलं. आवाजात अजून विश्वास नव्हता.

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत होतं. हे माझं नाही, असं म्हणायला हवं होतं. म्हणजे ह्यांना दोन परक्या बायकांसमोर खोटं पाडायचं, आणि कोंडाबाईला पुन्हा तांब्या माघारी न्यायला लावायचा. माझ्या हातात ह्यांचं लिंग होतं आणि समोर तो तांब्या.

"वरून थोडं पाणी घालता?" मी तिला म्हटलं आणि तळहात पुढे केला.

तिला वाटलं मी चेष्टा करते. "म्या घालू?"

"तुम्हीच."

तिनं तांब्या तिरका केला. गढूळ पाण्याची बारीक धार लिंगावर पडली, बोटांच्या फटीतून मातीत गेली. सिंधु त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मी डोळे मिटले, जे म्हणायचं ते मनात म्हटलं, लिंग रुमालात बांधून गळ्यात अडकवलं आणि तांब्या घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. पाण्यात वाळू होती, ती दाताखाली वाजली. मग मला थांबता आलं नाही.

कोंडाबाईनं सुस्कारा टाकला. "सिंधे, भर गं आनिक एक."

सिंधु खाली गेली आणि वेळ लावून परत आली. कोंडाबाईनं तिच्या हातातला तांब्या घेऊन ह्यांच्यापुढं केला. "घ्या आप्पा. तुम्ही बी उन्हातच हाव."

"हो हो," हे म्हणाले. तांब्या घेतला. ओठापर्यंत नेला. आणि तसेच थांबले.

हा माणूस लग्नाच्या पंगतीत दोनदा बसणारा. पाहुण्याच्या घरी सुतक आहे हे विसरून चटणीची चव विचारणारा. मला वाटलं, आता पितील. पण नाही. ह्यांनी तांब्या खाली घेतला.

"मला तहान नाही," हे म्हणाले. ओठांना भेगा पडल्या होत्या.

सिंधु हसली. वाईट हसली. "आता आप्पाचं बी हरवलं का काय?"

कोंडाबाईचा चेहरा पुन्हा मघासारखा व्हायला लागला. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं सांगू, ह्यांचं ह्यांनाच नवल वाटत होतं. वीस वर्षं ज्याची टर उडवली, ते गळ्यात नाही म्हटल्यावर ह्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मला ह्यांचा इतका राग आणि ह्यांची इतकी माया एकाच वेळी कधी आली नव्हती. मला रडूच आलं.

मी उठले. गळ्यातला रुमाल सोडला.

"हात पुढं करा. उजवा नाही, डावा."

"महानंदा..."

"करा म्हणते ना."

मी लिंग ह्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे ह्यांचं आहे," मी कोंडाबाईला म्हटलं. "माझं सापडलंच नाही."

खाली झिऱ्याच्या काठावर एक कावळा येऊन बसला, त्याला हाकलायचंही सिंधुला सुचलं नाही.

"तू ओळखलंस?" ह्यांनी विचारलं.

"हातात घेतल्या घेतल्या."

"मग पाणी कसं प्यायलीस?"

"तहान लागली होती हो," मी म्हटलं. "आणि ही बाई उभी होती."

ह्यांना पूजा येत नव्हती. मी ह्यांची बोटं धरून तळहात सरळ केला, अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं. ह्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि लहान मुलानं पाढा म्हणावा तसं अडखळत नाव घेतलं. या वेळी पाणी सिंधुनं घातलं. कोंडाबाईनं तिला सांगितलं नव्हतं. मग हे प्यायले, उभ्यानंच, गटागटा, सदरा भिजवत.

पाणी उरलेला तांब्या कोंडाबाईनं हातात घेतला. ती माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत होती.

"आता तुमच्या गळ्यात कायबी न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. उदगीर अजून लांब होतं. स्वामी विचारणार होते, मध्ये काही घेतलं का, आणि मला खरं सांगावं लागणार होतं. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तिच्याकडे बघत तळ दिसेपर्यंत प्यायले.